गाडीला जादा दिवे जोडताना: सिरीज कुठे, पॅरलल कुठे आणि कोणत्या क्रमाने

थंडी पडली की नागपुरातून पहाटे जबलपूर, अमरावती किंवा वर्ध्याच्या दिशेने निघणाऱ्यांना धुके गाठते आणि गाडीला फॉगलॅम्प बसवून घेण्याची घाई सुरू होते. सामान चांगले आणलेले असते, बसवणारा हातही सराईत असतो. तरीही दोन्ही दिवे मिणमिणतात, एक लागतो आणि दुसरा लागत नाही, किंवा ब्रेक दाबला की मागचा भलताच दिवा उजळतो. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: जे पॅरलल असायला हवे होते ते सिरीज झालेले असते, आणि ते कोणी मुद्दाम केलेले नसते. कुठे खराब अर्थमुळे (अर्थ म्हणजे दिव्याच्या निगेटिव्ह टोकाची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी), कुठे चुकीच्या टोकावरून वायर पुढे नेल्यामुळे, तर कुठे गंजलेल्या जोडामुळे ते घडते. खालील क्रम १२ व्होल्टच्या गाडीला ५५ वॉटचे दोन हॅलोजन फॉगलॅम्प जोडण्याचे उदाहरण धरून लिहिला आहे. इतर दिव्यांसाठी आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## हत्यार उचलण्याआधी

गाडीचा प्रत्येक दिवा १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेला असतो. पॅरलल म्हणजे समांतर जोडणीत प्रत्येक दिव्याचे एक टोक पुरवठ्याच्या पॉझिटिव्ह वायरला आणि दुसरे टोक बॉडीला, म्हणजेच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेले असते, त्यामुळे प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि एक दिवा गेला तरी दुसरा चालू राहतो. सिरीज म्हणजे एकसर जोडणीत पहिल्या दिव्याच्या निगेटिव्ह टोकातून निघालेली वायर दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला जाते. दोघांतून तोच प्रवाह वाहतो, व्होल्टेज मात्र वाटले जाते आणि एक फिलामेंट तुटली की दोन्ही विझतात.

५५ वॉटचे दोन दिवे पॅरलल जोडले तर प्रत्येकी सुमारे ४.६ अँपिअर, म्हणजे एकूण ९.२ अँपिअर प्रवाह लागतो. तेच दिवे सिरीजमध्ये जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ व्होल्ट येतात. कागदावर हिशेब केला तर शक्ती चौथाई होते. प्रत्यक्षात फिलामेंट कमी तापते, तिचा रोध उतरतो आणि प्रवाह हिशेबापेक्षा थोडा अधिक वाहतो. प्रकाश मात्र व्होल्टेजबरोबर फार वेगाने घसरत असल्यामुळे तो मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहतो. रस्त्यावर त्याला तांबूस मिणमिण यापलीकडे काही म्हणता येणार नाही.

वेगवेगळ्या वॉटचे दिवे सिरीजमध्ये आले तर गोंधळ आणखी वाढतो. २१ वॉटच्या बल्बचा तापलेला रोध सुमारे ६.९ ओहम असतो आणि ५ वॉटच्या बल्बचा २८.८ ओहम. हे दोन्ही १२ व्होल्टवर एकामागे एक जोडले तर ५ वॉटच्या बल्बवर जवळजवळ १० व्होल्ट पडतात आणि २१ वॉटच्या बल्बवर दोनच्या आसपास उरतात; छोटा बल्ब जवळपास नेहमीसारखा लागतो आणि मोठा लागतच नाही. मोठा बल्ब काढून पाहिला तर तो ठणठणीत असतो, म्हणून नवा आणला जातो, तोही लागत नाही. हा आकडा लक्षात ठेवावा. मागच्या दिव्यांच्या भागात त्याची पुन्हा गरज पडेल.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पहिल्या दिव्यापर्यंत वायर नेऊन तिथून दुसऱ्या दिव्याकडे नेली की ती जोडणी सिरीज झाली, असे अनेकांना वाटते. वायर कोणत्या वाटेने गेली यावर जोडणी ठरत नाही, ती कोणत्या टोकावरून निघाली यावर ठरते. पहिल्या दिव्याच्या पॉझिटिव्ह टोकावरूनच पुढची वायर काढून दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला नेली आणि दोन्हींची निगेटिव्ह टोके बॉडीला दिली, तर ती जोडणी पूर्णपणे पॅरलल आहे. तिचा तोटा इतकाच, की पहिल्या तुकड्यातून दोन्ही दिव्यांचा प्रवाह जातो आणि दुसरा दिवा किंचित कमी व्होल्टेजवर चालतो.

सिरीजमध्ये असायलाच हव्यात अशा तीन गोष्टी या जोडणीत आहेत: फ्यूज, रिलेचे संपर्क आणि स्विच. रिले म्हणजे आतल्या कॉइलला दिलेल्या बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच. ज्यातून सगळा प्रवाह जाणे आवश्यक आहे, किंवा ज्याने तो तोडायचा आहे, ते सिरीजमध्ये; ज्याला पूर्ण व्होल्टेज हवे, ते पॅरललमध्ये. सर्व निर्णय याच कसोटीवर घ्यावेत.

## टप्पा १: गाडी पाहणे आणि भार मोजणे

१. बल्बच्या बुडावर छापलेले वॉट वाचावेत, खोक्यावरचे नव्हे. एच-८, एच-९ आणि एच-११ हे बल्ब दिसायला जवळजवळ सारखे असतात. त्यांचे वॉट मात्र अनुक्रमे ३५, ६५ आणि ५५ आहेत.

२. सर्व दिव्यांच्या वॉटची बेरीज करून तिला १२ ने भागावे. आपल्या उदाहरणात ११० भागिले १२, म्हणजे ९.२ अँपिअर. इंजिन चालू असताना पुरवठा १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून १० अँपिअर धरून चालावे.

३. फ्यूज सतत त्याच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भारावर राबू नये. १० अँपिअरसाठी म्हणून १५ अँपिअरचा, निळा ब्लेड फ्यूज येतो. लाल १० चा असतो आणि तो काठावर राहील. हिरवा ३० चा असतो आणि तो या वायरचे रक्षण करणार नाही.

४. वायर फ्यूजपेक्षा सशक्त असली पाहिजे. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून जोडापर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, तिथून प्रत्येक दिव्याकडे १.५ चौरस मिलिमीटर वायर घ्यावी.

वायरच्या जाडीवर लोक काटकसर करतात, म्हणून हा हिशेब मांडतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. अशा चार मीटर वायरमधून ९ अँपिअर गेले तर ०.८ व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात. हॅलोजनच्या दिव्याला ५ टक्के व्होल्टेज कमी मिळाले तरी प्रकाश सुमारे १५ टक्के घटतो. पातळ वायर हा दिव्यांच्या सिरीजमध्ये बसलेला न दिसणारा रोधच आहे. दिवे मंद करण्याचे आणि स्वतः तापण्याचे काम तो चोख बजावतो.

सूचना: हेडलाइटच्या मूळ होल्डरमध्ये १०० वॉटचे बल्ब बसवू नयेत. मूळ वायर व होल्डर ६०/५५ वॉटसाठी असतात आणि प्लास्टिक वितळते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांना लागू होते, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल किंवा तिचे दिवे संगणकीय यंत्रणेमार्फत चालत असतील, तर मूळ दिव्यांच्या वायरला हात न लावणे हेच शहाणपणाचे.

## टप्पा २: सामान जमवणे

लागणारे सामान असे: चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले व त्याचा बेस, झाकणासह ब्लेड फ्यूजहोल्डर, स्विच, वरील मापांच्या वायर, तांब्याची थिंबल (वायरच्या टोकाला लावायची, बोल्टखाली बसणारी कडी), हीट श्रिंक नळी (तापवली की जोडावर आकसून बसणारी), नालीदार स्लीव्ह, केबल टाय, क्रिंपिंग पक्कड (धातूचे जोड वायरवर दाबून घट्ट बसवणारी) आणि मल्टीमीटर. शेवटच्या दोन वस्तू उसन्या मिळाल्या तरी चालतील, पण त्यांच्याशिवाय काम सुरू करू नये.

वायर ऑटोमोबाइल दर्जाची, बारीक तारांची आणि १०५ अंश सेल्सिअस सहन करणाऱ्या आवरणाची घ्यावी. घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. नागपुरात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. तेव्हा चालत्या इंजिनाजवळ बॉनेटखाली काय होत असेल, याची कल्पना करावी. ते आवरण कडक होते, भेगाळते आणि पहिल्या पावसात पाणी आत घेते. इन्सुलेशन टेपचेही तेच. उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होऊन टेप सरकते आणि पिळून जोडलेली तार उघडी पडते. म्हणून बॉनेटखाली एकही जोड केवळ टेपवर सोडू नये.

## टप्पा ३: बॅटरी सोडवणे आणि वाट आखणे

१. इग्निशन बंद करून चावी काढावी. प्रथम बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेल्यास पाना बॉडीला टेकताच पूर्ण बॅटरी शॉर्ट होते. निगेटिव्ह सुटलेला असेल तर तो धोका उरत नाही.

२. दिवे त्यांच्या जागी हलकेच बसवून वायरची वाट आखावी. सायलेन्सर, पंखा आणि पट्टा यांपासून वायर दूर असावी. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारे कडे, हवेच.

३. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायर दिसल्या तर त्यांना स्पर्शही करू नये. त्या एअरबॅगच्या असतात.

## टप्पा ४: सर्वप्रथम अर्थ

बहुतेक जण पॉझिटिव्ह वायर आधी जोडतात आणि अर्थ शेवटी, मिळेल त्या स्क्रूला गुंडाळतात. हा क्रम उलटा केला, तर अर्ध्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

१. बॉडीवर एक भक्कम जागा निवडावी. गाडीच्या कंपनीनेच दिलेला अर्थचा बोल्ट जवळ असेल तर उत्तम. बंपर, प्लास्टिकवर बसवलेली पट्टी किंवा दिव्याचा स्वतःचा स्टँड यांवर भरवसा ठेवू नये.

२. त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकेपर्यंत उघडा करावा. रंग वीज वाहून नेत नाही. बोल्टच्या आट्यांमधून थोडा संपर्क मिळतो, तेवढ्यावर दिवा पहिल्या दिवशी लागतोही; पावसाळ्यानंतर आटे गंजतात आणि तो मंद होतो. पत्रा, थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट या क्रमाने आवळून वर ग्रीस किंवा रंगाचा हात द्यावा.

३. प्रत्येक दिव्याची निगेटिव्ह वायर स्वतंत्रपणे या बिंदूपर्यंत आणावी, पॉझिटिव्हइतकीच जाड ठेवावी.

४. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असेल, तर जादा दिव्यांचा अर्थ थेट त्या टर्मिनलवर देऊ नये; बॉडीवरच द्यावा, म्हणजे सेन्सरला हा प्रवाहही मोजता येतो.

तपासणी: मल्टीमीटर ओहमवर ठेवून दिव्याच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजावे. दोन्ही टोके एकमेकांना लावल्यावर मीटर जेवढे दाखवतो, साधारण तेवढेच वाचन यावे. ही तपासणी केवळ तुटलेला अर्थ पकडते. एकाच तारेवर लटकलेला अर्थही तिच्यात पास होतो, म्हणून खरी परीक्षा टप्पा ८ मध्ये आहे.

## टप्पा ५: दिव्यांचा पॉझिटिव्ह जोड

१. रिलेकडून येणाऱ्या २.५ च्या वायरचे आणि दोन दिव्यांकडे जाणाऱ्या १.५ च्या वायरचे टोक एकाच क्रिंप जोडात बसवावे. पॅरलल जोडणीचा खरा बिंदू हाच. येथून पुढे दोन्ही दिवे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

२. क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर हाताने जोरात ओढून पाहावी. सुटली तर आता सुटू द्यावी.

३. हीट श्रिंक नळी जोडाआधी वायरमध्ये ओवलेली असावी. ही गोष्ट विसरली की लोक टेपवर भागवतात.

सोल्डरिंगला माझा विरोध नाही, परंतु सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथराटाने नेमकी तिथेच तुटते. सोल्डर केलेच तर दोन्ही बाजूंना वायर केबल टायने पक्की बांधावी.

सूचना: हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. बोटांचा तेलकट डाग तापून काच तिथेच फुगते.

## टप्पा ६: रिले आणि स्विच

चार पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात.

१. ३० क्रमांकावर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर.

२. ८७ क्रमांकावर दिव्यांकडे जाणारी वायर.

३. ८६ क्रमांकावर डॅशबोर्डच्या स्विचमधून येणारी बारीक वायर. स्विचला पुरवठा पार्किंग लाइटच्या वायरवरून द्यावा, म्हणजे पार्किंग लाइट बंद केले की फॉगलॅम्पही आपोआप बंद होतात आणि रात्रभर चालू राहून बॅटरी उतरत नाही. संगणकीय नियंत्रण असलेल्या गाडीत हाच पुरवठा फ्यूजबॉक्समधून, इग्निशनवर चालणाऱ्या जागेवरून पिगीबॅक फ्यूजहोल्डर (मूळ फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा) लावून घ्यावा.

४. ८५ क्रमांक बॉडीला.

रिलेच्या कॉइलला अर्ध्या अँपिअरपेक्षाही पुष्कळ कमी प्रवाह लागतो, त्यामुळे स्विच व त्याची वायर गार राहते. रिले न लावता ९ अँपिअर थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेले, तर तो स्विच काही महिन्यांत आतून जळतो. रिलेच्या अंगावर डायोडचे चिन्ह असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्ह हा क्रम उलटा करून चालणार नाही.

नेहमीची चूक: दुकानात पाच पिनांचा रिले मिळतो आणि दिव्यांची वायर ८७ ऐवजी ८७ए वर जाते. ही पिन कॉइल बंद असताना जोडलेली असते. परिणाम असा, की स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि चालू केल्यावर विझतात. रिले सदोष नाही. वायर शेजारच्या पिनेवर न्यावी आणि ८७ए मोकळी सोडून झाकावी.

## टप्पा ७: फ्यूज आणि बॅटरी, अगदी शेवटी

फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो दिव्याजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी राहते आणि ती कुठे पत्र्याला घासली तर आग लागण्यास पुरेशी असते. म्हणून फ्यूजहोल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच हवा.

१. फ्यूज काढून ठेवावा. रिकामा फ्यूजहोल्डर पॉझिटिव्हला जोडावा, मग निगेटिव्ह टर्मिनल आवळावा.

२. दोन्ही दिव्यांचे प्लग काढून ठेवावेत. ते का, हे समजून घ्यावे: थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे दिवे जोडलेले असताना मीटर शॉर्ट असल्यासारखेच वाचन देतो आणि नवशिका विनाकारण सगळी वायर उचकटतो.

३. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा एक बल्ब तात्पुरता लावून स्विच चालू करावा. रिलेचा टिक आवाज यावा आणि बल्ब विझलेलाच राहावा. तो उजळला तर पुढे कुठे तरी शॉर्ट आहे. बल्ब सिरीजमध्ये असल्यामुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास रोखला जातो आणि वायर सुरक्षित राहते. सिरीज जोडणीचा हा अत्यंत उपयोगी वापर आहे, आणि प्रत्येक वायरमनच्या पेटीत असा बल्ब असायलाच हवा.

४. सर्व ठीक असेल तर स्विच बंद करून बल्ब काढावा, १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा, दिव्यांचे प्लग लावावेत.

## टप्पा ८: मोजल्याशिवाय काम संपत नाही

दिवे लागले म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे नव्हे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावलेले असताना, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून पुढील वाचने घ्यावीत.

१. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर: १३.८ ते १४.४ च्या दरम्यान.

२. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळे दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेवर: ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. ०.५ च्या वर गेले तर फ्यूजहोल्डर, रिलेचा बेस आणि क्रिंप जोड यांना एकेक करून हात लावून पाहावा. जो गरम लागेल तो दोषी.

३. लाल टोक दिव्याच्या निगेटिव्ह पिनेवर आणि काळे बॅटरीच्या निगेटिव्हवर: ०.१ व्होल्टच्या आसपास. येथे अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला, तर अर्थ खराब आहे, मग ओहममध्ये तो कितीही चांगला वाटलेला असो.

४. एका दिव्याचा प्लग काढावा. दुसरा तसाच, किंवा अगदी किंचित अधिक तेजाने, चालू राहिला पाहिजे. तो विझला तर दिवे सिरीजमध्ये आहेत. मंद झाला तर दोघांचे निगेटिव्ह कुठे तरी एकमेकांत अडकले आहे.

तिसरे वाचन मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. ते घेण्यास अर्धा मिनिट पुरतो, आणि तरीही तेच सर्वाधिक वगळले जाते.

## एलईडी असेल तर

तयार एलईडी फॉगलॅम्पच्या आत स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताचा प्रवाह देणारे सर्किट, असतो. असे दोन दिवे सिरीजमध्ये जोडले तर ते मंदही लागत नाहीत. ड्रायव्हरना पुरेसे व्होल्टेज न मिळाल्याने ते फडफडतात किंवा बंद राहतात. त्यांनाही पॅरललच द्यावे आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाळावे.

सुटे एलईडी जोडून स्वतः पट्टी बनवणाऱ्यांसाठी मात्र दोन्ही जोडण्या एकत्र येतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात, म्हणून तीन एलईडी आणि एक रोधक अशी सिरीज माळ करावी आणि अशा माळा एकमेकींना पॅरलल जोडाव्यात. चार एलईडींच्या माळेला १२.४ व्होल्ट लागतात. इंजिन बंद असताना ती नीट लागणारच नाही. रोधकाचा हिशेब १२ वर न करता १४.४ वर करावा. १४.४ मधून ९.३ वजा केले की ५.१ व्होल्ट उरतात. २० मिलिअँपिअरसाठी २५५ ओहम येतात, तेव्हा बाजारात मिळणारा २७० ओहमचा, पाव वॉटचा रोधक घ्यावा. १२ व्होल्ट धरून १५० ओहमचा बसवला, तर गाडी चालू होताच माळेतून जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहतो, आणि पट्टी एकाच उन्हाळ्यात काळवंडण्याचे हे मोठे कारण आहे.

प्रत्येक माळेला स्वतंत्र रोधक हवा. सर्व माळांसाठी एकच रोधक वापरला तर एक माळ बंद पडताच तिचा प्रवाह बाकीच्यांवर लोटतो आणि त्याही एकामागून एक जातात.

इंडिकेटरमध्ये २१ वॉटच्या बल्बऐवजी एलईडी लावला की तो भराभर लुकलुकतो, कारण फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, बल्ब गेल्यासारखे वाटते. त्यावर मिळणारा लोड रोधक एलईडीला पॅरलल जोडायचा असतो. तो सिरीजमध्ये जोडल्यास एलईडी मंद होतो आणि लुकलुक तशीच राहते. हा रोधक चांगलाच तापतो, म्हणून तो प्लास्टिकवर न बसवता पत्र्यावर स्क्रूने बसवावा. शक्य असेल तिथे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे अधिक चांगले.

## मागच्या दिव्यांत आपोआप झालेली सिरीज

काटोल-वरुडकडून संत्री घेऊन येणाऱ्या एखाद्या पिकअपच्या मागे दिवसा राहिलात तर हा दोष पाहायला मिळू शकतो: चालकाने ब्रेक दाबला की एका बाजूचा ब्रेक लाइट लागत नाही आणि बंद असलेली टेल लाइट मात्र मंद उजळते, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकते. मागच्याला गाडी थांबते आहे की वळते आहे, हे कळत नाही. हा दोष बल्बचा नसतो.

मागच्या दिव्यांच्या एका डब्यात टेल लाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर यांचा अर्थ एकच असतो. तो अर्थ गंजून तुटला, की ब्रेकच्या २१ वॉटच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला बॉडीकडे जायला वाट उरत नाही. तो त्याच डब्यातील ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेल लाइटच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या डब्यात पोहोचतो आणि तिथल्या अर्थमधून परततो. म्हणजे पॅरलल असलेले दिवे एकामागे एक आले. वर सांगितलेला हिशेब इथे लागू होतो: बहुतेक व्होल्टेज छोट्या फिलामेंट खातात आणि ब्रेकचा मोठा बल्ब काळाच राहतो.

१. डब्याच्या निगेटिव्ह पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक लांब वायर तात्पुरती लावावी.

२. दोष लगेच नाहीसा झाला तर अर्थच दोषी आहे; बल्ब, स्विच किंवा फ्लॅशर बदलण्याची गरज नाही.

३. टप्पा ४ प्रमाणे चेसिसवर नवा बिंदू तयार करून डब्याला स्वतंत्र अर्थ वायर द्यावी. मालवाहू गाडीत हौद्याचा पत्रा आणि चेसिस यांच्यामधले बोल्ट गंजलेले असतात, त्यामुळे वायर हौद्याला न देता चेसिसलाच द्यावी.

४. दुसऱ्या बाजूचा डबाही त्याच वेळी करावा. एक बाजू गंजली असेल तर दुसरी फार मागे नसते.

## २४ व्होल्टच्या गाड्या

नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात आणि दिवे २४ व्होल्टचे असतात. हाताशी १२ व्होल्टचेच बल्ब असले, तर तेच दोन सिरीजमध्ये जोडून वेळ मारून नेली जाते. दोन्ही बल्ब अगदी सारख्या वॉटचे असतील तरच हे चालते, आणि तेही एक तुटला की दोन्ही विझतील हे मान्य करून. २१ व ५ वॉटचे बल्ब असे जोडले तर छोट्यावर १९ व्होल्टहून अधिक पडतात आणि तो तत्काळ जातो. ब्रेक व टेल लाइटसाठी ही युक्ती कधीही वापरू नये.

दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणे हीदेखील घातक सवय आहे. ती बॅटरी सतत अर्धी उतरलेली राहते, तर तिच्या जोडीची बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापते. २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर घ्यावा आणि त्याच्या इनपुटला स्वतंत्र फ्यूज द्यावा.

## बसवल्यानंतरची देखभाल

पहिल्या आठवड्याच्या शेवटी बॉनेट उघडून अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल पुन्हा आवळावेत, कारण थरथराटाने नवे जोड थोडे बसतात. दिवे अर्धा तास चालवून फ्यूजहोल्डरला हात लावावा. कोमट लागला तर हरकत नाही, चटका बसत असेल तर फ्यूजहोल्डर बदलावा, मोठा फ्यूज घालू नये. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायर कुरतडतात, म्हणून स्लीव्हमधून बाहेर डोकावणारा प्रत्येक तुकडा आत सरकवून बांधावा. ऑक्टोबरमध्ये, धुके पडू लागण्यापूर्वी, टप्पा ८ मधील दुसरे व तिसरे वाचन पुन्हा घ्यावे आणि पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे.